गाडीचं कपाळ

इक्बाल मिस्त्री येईपर्यंत घरात चहा होणार नाही, असं सुनेनं, कल्पितानं, सकाळीच सांगून टाकलं होतं. तिच्या शब्दाला अलीकडे घरात कुणी उलट उत्तर देत नसे. दहा वाजत आले होते. जनी ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि अंगणात उभ्या केलेल्या फटफटीकडे बघायचं टाळत होती. पण एवढ्याशा अंगणात दुसरं बघण्यासारखं होतं तरी काय?

जनीच्या नवऱ्याची, बुधाजींची फटफटी. अठ्ठ्याहत्तर सालची बुलेट, मिठाच्या एका भरघोस हंगामावर घेतलेली. आता तिचं हँडल डावीकडे वाकलं होतं, पुढचा दिवा फुटला होता. टाकीला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. काल संध्याकाळी कल्पिताच्या भावानं, प्रणयनं, ती पोलीस ठाण्यातून टेम्पोत घालून आणली, तेव्हा गल्लीतली बायामाणसं दारं लोटून आत गेली होती.

बुधाजी वैशाखात गेले ते भरल्या वयात गेले. थोरला लेक, हर्षद, छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याला आज सव्वीस दिवस झाले. कंटेनरच्या रस्त्यावर, दिवेलागणीला, बंद पडलेली हीच फटफटी कडेला लावून तो तिच्या कार्बोरेटरशी वाकला होता. मागून येणाऱ्या ट्रेलरला तो दिसला नाही. फटफटी नुसती आडवी झाली. हर्षद उठला नाही.

दसऱ्यापासूनच ती कुरकुरत होती. सुरू व्हायची, झकास चालायची, आणि पाचसहा किलोमीटरवर आचके देऊन गप व्हायची. धाकट्यानं, दिपेशनं, तीनदा कार्बोरेटर उघडला. कंटेनर यार्डात फिटर होता तो, आणि हात बापाचा होता. तिन्ही वेळा त्यानं अंगणात पाच मिनिटं गाडी चालवून बघितली आणि "झाली, दादूस" म्हणून चावी भावाच्या हातात दिली. तिसऱ्यांदा दिलेली चावी खिशात घालून हर्षद गेला होता.

तेव्हापासून कल्पिता दिराशी एक शब्द बोलली नव्हती. आणि काल रात्रीच्या जेवणाला, ताट पुढं तसंच ठेवून, सगळ्यांदेखत बोलली होती.

"कार्बोरेटर कोनाच्या हातानं बिघारला ता मना समजू दे. ज्याच्या हाताची चूक, त्या हातासंगती मी एका छपराखाली र्‍हायची न्हाय. अमिषाला घेऊन पेनला जाईन, दादाकरं. आनि याची चूक नसंल तर तसं पन चार मानसांसमोर सांगा. मी याची माफी मागीन."

दिपेश ताटावरून उठला नव्हता. नुसता भात चिवडत म्हणाला होता, "इक्बालचाचाला बोलवा."

जनीनं रात्रभर तेवढंच घट्ट धरलं. इक्बाल येईल, उघडून बघेल, आणि म्हणेल, पोराचं काम चोख आहे. मग कल्पिता माफी मागेल, दिपेश तिला मागू देणार नाही, आणि घर फुटणार नाही. एक लेक गेला होता. उरलेला लेक आणि गेलेल्याची बायकोपोर, एवढीच माणसं आता तिची होती, आणि तिला दोन्हीकडची हवी होती. आपल्या गळ्यानं गावातली निम्मी लग्नं लावलेली धवलारीण ती. मांडवात वरमाय आणि विहीण एकमेकींवर खेकसायला लागल्या की धवल्याची, लग्नगाण्याची, एक ओळ उंच धरून दोघींना गप करणारी. आपल्याच अंगणात काय धरावं ते तिला सुचत नव्हतं.

शेजारी नेत्रा येऊन टेकली. लेक सासरहून कालच आली होती. आवाज खाली आणून म्हणाली, "आये, खरं सांगू? मना पन वाटतं त्याचंच कायतरी र्‍हायलं. तीन टायमाला खोललं ना त्यानं?"

"तू त्याची भैन हायेस का वैरीन?"

"भैन दोगांची व्हती ना गो मी," नेत्रा म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेला.

फाटकाशी स्कूटर थांबली. इक्बाल मिस्त्री आला. सत्तरीचा, पांढरी टोपी, हातात टिनाची पेटी. कुवेतच्या गॅरेजात वीस वर्षं काढलेला, आणि त्याच्याआधी बुधाजींबरोबर याच फटफटीवर मोऱ्याच्या बंदरापर्यंत हिंडलेला. त्यानं आधी हर्षदच्या पोरीच्या, अमिषाच्या, डोक्यावर हात ठेवला, मग जनीकडे बघून नुसती मान हलवली.

"भाभी, बसू काय?"

"बसा ना भावजी. घर तुमचंच हाय."

तो ओट्यावर नाही बसला, फटफटीशेजारी पाटावर बसला. दिपेश लांब, शेवग्याला टेकून उभा होता. "इकडं ये," इक्बाल म्हणाला. "तू काय काय केलंस ते सांग. लपवायचं नाय, सजवायचं नाय."

"जेट काढून साफ केले. फ्लोट बघितला. वॉशर नवीन टाकला. तिसऱ्या टायमाला निडल पन बदलली."

"टाकी?"

"टाकीचा नळ काढून जाळी धुतली, चाचा. पेट्रोल धारंनं येत होतं."

"झाकण उघडं असताना?"

दिपेशनं क्षणभर विचार केला. "हां. पेट्रोल वतलं का मग झाकन लावायचं आनि अंगनात फिरवायची."

इक्बालनं पेटी उघडली. प्रणय खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसला होता, मोबाईल गुडघ्यावर उपडा. त्याचे स्वतःचे दोन ट्रेलर बंदरावर चालत होते, त्यामुळे गाड्यांबद्दल आपल्यालाच जास्त कळतं असं त्याच्या बसण्यातच होतं.

"चाचा, शॉर्टमध्ये सांगा ना. जेटमध्ये कचरा राहिला होता. सिंपल गोष्ट आहे."

"तुझ्या ट्रेलरचं इंजिन शॉर्टमध्ये बांधतोस काय रे?"

नेत्राला हसू आलं आणि तिनं ते लगेच गिळलं. दिपेश मात्र ट्रेलर हा शब्द ऐकून वळला.

"ट्रेलरवाल्यानं तरी बोलू नये. दादूसला ट्रेलरनं मारला, कार्बोरेटरनं न्हाय."

"ट्रेलरम्होरं त्यांना उभा कोनी केला?" कल्पिता दारातून म्हणाली. सव्वीस दिवसांत ती त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

इक्बालनं प्लग काढला आणि उन्हाकडे धरला. तोंडाशी कोरड्या मातीसारखा तांबूस रंग चढला होता. "पेट्रोल जादा जात असतं तर काळा पडला असता. कमी जात असतं तर पांढरा. हा बरोबर आहे." त्यानं तो प्रणयच्याच हातावर ठेवला. मग कार्बोरेटरच्या तळाची वाटी सोडवली आणि तिच्यातलं पेट्रोल जनीकडून मागून घेतलेल्या स्टीलच्या वाडग्यात ओतलं. पाण्याचा थेंब असता तर तळाशी मण्यासारखा घरंगळला असता. नव्हता. रेतीचा कण नव्हता. जेट काढून त्यानं सूर्यापुढे धरला, एक डोळा मिटून बघितलं, आणि कल्पिताला जवळ बोलावून तिच्या हातात दिला.

"बघ बेटा. भोक गोल दिसतं का?"

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. "दिसतं."

"पोरानं साफ केलेला आहे. माझ्याहून बरा."

जनीच्या छातीवरची धोंड एवढीशी सरकली. तिनं दिपेशकडे बघितलं. तो मात्र खालीच बघत होता.

इंजिनाला कार्बोरेटर जोडतात त्या सांध्यावर इक्बालनं तेलाचं बोट फिरवलं, कुठून हवा ओढते का ते बघायला. ओढत नव्हती. सगळं पुन्हा बसवलं. बाटलीतलं ताजं पेट्रोल टाकीत गळ्यापर्यंत भरलं, झाकण लावून आवळलं, आणि किक मारायला दिपेशला पुढं केलं. दुसऱ्या किकेला फटफटी सुरू झाली. वाकलेल्या हँडलाची, फुटक्या दिव्याची, आणि आवाज मात्र तोच. दम धरून, पाऊल टाकत येणारा. अमिषा धावत दारात आली आणि कुणीतरी येणार असल्यासारखी फाटकाकडे बघत राहिली. नेत्रानं तिला उचलून आत नेलं.

"आता थांबायचं," इक्बाल म्हणाला. त्यानं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि ॲक्सिलरेटर निम्म्यावर धरून ठेवला.

पाच मिनिटं. आठ. दहा. फटफटी सुरेख चालत होती आणि दर मिनिटाला जनीला वाटत होतं की दिपेश सुटला. प्रणय उठून फोनवर कुणाशी तरी बोलून आला. अकराव्या मिनिटाला आवाजात एक आचका आला. इक्बालनं मान वर केली. मग दुसरा. पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखी ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, आणि तेराव्या मिनिटाला मेली.

"झालं!" प्रणय म्हणाला. "हेच. एग्झॅक्टली हेच सांगायचे भाओजी."

इक्बालनं कार्बोरेटरची वाटी सोडवली. वाटी कोरडी होती. वर टाकी गळ्यापर्यंत भरलेली, नळ उघडा, आणि खाली थेंब नाही. त्यानं नळी उपसून बोटावर धरली. एक थेंब आला. दुसरा यायला इतका वेळ लागला की जनीनं श्वास धरला. तिसरा आलाच नाही.

मग त्यानं टाकीच्या झाकणावर हात ठेवला आणि ते फिरवलं.

टाकीनं सुस्कारा टाकला. लांब, ओढलेला, माणसासारखा. ओट्यावर बसलेल्या जनीलासुद्धा तो ऐकू आला. आणि त्याबरोबर नळीतून पेट्रोलची धार सुटली, इक्बालच्या पायजम्यावर, पाटावर, जमिनीवर.

"काय झालं?" कल्पितानं विचारलं.

"टाकीतनं पेट्रोल खाली जातं तसं वरनं वारा आत यायला लागतो, बेटा. वारा आला नाय तर आतली पोकळीच पेट्रोलला धरून ठेवते. त्याच्यासाठी या झाकणाला भोक असतं. टाचणीएवढं. ते बुजलंय. पाच मिनिटं चालवली तर कळत नाय. लांब गेलं की उपाशी मरते."

त्यानं झाकण उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा वर ढकलला. पेटीतनं बारीक तार काढून भोकात घातली आणि फिरवली. तारेच्या टोकाला काहीतरी आलं. त्यानं ते नखावर घेतलं.

जनीला एवढ्या लांबून रंग दिसायचं कारण नव्हतं. तरी तिला तो दिसला.

दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं, कोयते, फावडी, मीठ ओढायचे फळे धुऊन पुजायचे, आणि सगळ्यात शेवटी फटफटी. बाकीच्यांना हळदकुंकू, हिला शेंदूर. तेलात कालवलेला, तीन बोटांनी, टाकीच्या झाकणावर. गाडीचं कपाळ ते. चाळीस वर्षं जनीच्याच हातानं. आणि चाळीस वर्षं दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजी तिच्याच डब्यातली सुई घेऊन झाकणापाशी काहीतरी टोकरत बसायचे. एकदा ती चिडली होती, "देवाचं पुसताव कशाला?" तर हसून म्हणाले होते, "पुसत न्हाय गो. तुझ्या देवाचं नाक मोकलं करतंय." तिला वाटलं होतं, थट्टा. त्यांनी कधी नीट सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. बायकोनं भक्तीनं लिंपावं आणि नवऱ्यानं गुपचूप उकरावं, असा संसार.

यंदाचा दसरा त्यांच्यामागचा पहिला. माणूस नाही, निदान त्याच्या गाडीला तरी उणं नको, म्हणून तिनं दुप्पट कालवला होता. चांगला जाड लावला होता.

इक्बालनं नखाकडे बघितलं आणि मग, फार हळू, ओट्याकडे. त्याच्या डोळ्यांत तिला सगळं कळलेलं दिसलं. त्यानं नख पायजम्याला पुसलं.

"गंज," तो म्हणाला. "जुनी गाडी. खारी हवा. गंजानं बुजलं."

त्यानं भोक साफ केलं, वाटी बसवली, नळी जोडली, झाकण लावलं आणि स्वतःच किक मारली. "आता बघा. तास चालू ठेवा, मरायची नाय." आणि ती चालू लागली. पुढचं सगळं बोलणं त्या आवाजात ओरडून बोलावं लागलं.

"म्हंजे कार्बोरेटर ओके व्हता," नेत्रा बाहेर येत म्हणाली. "वयनी, आयकलंस ना? त्याची चूक न्हवती."

"एक मिनिट, एक मिनिट," प्रणय उठला. "गंज एका दिवसात धरतो का? फिटर आहे ना हा? तीनदा गाडी खोलली आणि झाकणाचं भोक बघितलं नाही? हे तर पहिलं बघायचं असतं. चाचा, तुम्ही बघितलं असतं की नाही?"

इक्बाल हातातली तार पुसू लागला. खोटं एकदा बोलून झालं होतं. दुसरं त्याच्यानं झालं नाही.

"बघितलं असतं," प्रणयनंच उत्तर दिलं. "म्हणजे निष्काळजीपणा याचाच."

कल्पिता दिपेशकडे बघत होती. दिपेश झाकणाकडे बघत होता. मग त्यानं बोटानं झाकणाची कड पुसली, बोटाकडे बघितलं आणि मूठ मिटली. आपल्या पोराची मान जनीला जन्मापासून ओळखीची होती. ती मान कशी ताठ झाली ते तिनं बघितलं आणि तिला कळलं की त्यालाही समजलंय.

"बरोबर हाय," दिपेश म्हणाला. "मी बघायला पायजे होतं. चूक माझीच."

"दिपेश!" नेत्रा ओरडली.

"माझीच हाय. वयनी, तू कशाला जातंस? मी जातंय. यार्डात खोली मिलते."

कल्पिताच्या चेहऱ्यावर समाधान आलं नाही. सव्वीस दिवस जे मागत होती ते हातात पडल्यावर ते कुठं ठेवावं हे तिला कळेना, अशी ती उभी राहिली. मग म्हणाली, "जा."

जनीला गप्प बसता आलं असतं. इक्बालनं दार उघडून दिलं होतं, दिपेश त्यातून बाहेर पडायला तयार होता. सून राहिली असती, नात राहिली असती. लेक वर्षभरानं कधीतरी सणाला आला असता, पाहुण्यासारखा. तिनं हे सगळं बघितलं. बघायला फार वेळ लागला नाही. ती ओट्यावरून उतरली. गुडघे दुखत होते.

"गंज न्हाय तो," ती म्हणाली. फटफटीच्या आवाजात ऐकू गेलं नाही, म्हणून पुढं येऊन पुन्हा म्हणाली. "भावजी, गंज न्हाय. शेंदूर हाय तो. मी लावलेला."

"आये, तू गप र्‍हा," दिपेश म्हणाला.

"दसऱ्याला लावला. दर साली लावतंय. यांचा बापूस दुसऱ्या दिशी उकरून काढायचा. औंदा काढायला तो न्हवता. मना ठावं न्हवतं. दिपेशला पन ठावं न्हवतं, त्याला आता समजला ता." तिनं श्वास घेतला. "माझ्या हातानं झालं. माझ्याच हातानं माझा हर्षद..."

मांडवात चारचार तास न थकणारा गळा. एका शब्दापाशी बसला.

प्रणय हळूच खुर्चीत टेकला. तो पहिल्यांदाच इक्बालकडे बघत होता, कुणीतरी मोठ्या माणसानं काही सांगावं म्हणून. इक्बालनं टोपी काढून पुन्हा घातली.

कल्पिता अंगण ओलांडून आली. जनीला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती समोर येऊन थांबली, इतकी जवळ की तिच्या केसांना लावलेल्या खोबरेलाचा वास आला. लग्नाच्या आदल्या रात्री हिच्या अंगाला हळद जनीनंच लावली होती. उष्टी हळद, हर्षदच्या अंगाची.

"आये," कल्पिता म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि ते ऐकून जनीचा धीर सुटला. "तुमी मुद्दाम न्हाय केलं. म्हाईत हाय मना. तुमी त्यांच्यासाठीच केलं. दिपेशभावजींवर मी उगाच घातलं, त्याची मी माफी मागतंय."

"मंग र्‍हा गो बाय," जनी म्हणाली. "र्‍हा. मना काय पन बोल, पन र्‍हा."

कल्पितानं खाली बघितलं. जनीचे दोन्ही हात पुढं आलेले होते. तिला ते धरता आले नाहीत. तिनं प्रयत्न केला, जनीला तो दिसला. बोटं उचलली गेली आणि मधेच थांबली.

"याच हातांनी तुमी मना जेवायला वारनार," ती म्हणाली. "रोज. मना गिलला जाईल का, सांगा तुमीच. माझं मन कितीबी समजावलं तरी घास खाली जानार न्हाय, आये."

ती आत गेली. पिशवी आधीच भरलेली असावी, कारण ती लगेच बाहेर आली, एका हाताला अमिषा. प्रणयनं गाडी फाटकाशी घेतली. नेत्रा वहिनीला थांबवायला दोन पावलं गेली आणि मग जनीकडे परत आली. कुणाकडे राहायचं ते तिला ठरवता आलं नाही, म्हणून ती मधेच उभी राहिली. अमिषा ओरडून विचारत होती, आजी येनार का, आजी येनार का.

आणि फटफटी चालतच होती. एक आचका नाही, एक खोकला नाही. तिचा इतका निकोप आवाज या अंगणात दसऱ्यापासून कुणी ऐकला नव्हता.

"बंद करा ती," जनी म्हणाली. "कोनीतरी बंद करा."

दिपेश पुढं आला. चावीकडे गेला नाही. वाकून त्यानं टाकीखालचा नळ आडवा केला.

"अशी का?" इक्बालनं विचारलं, जरी त्याला माहीत होतं.

"आता उभीच र्‍हानार ना ती, चाचा. वाटीत पेट्रोल ठेवून उभी केली तर जेट खराब होतो."

नळ बंद झाला तरी फटफटी थांबली नाही. वाटीत उरलं होतं तेवढ्यावर ती चालत राहिली. फाटकाबाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, मग चाकांखालची खडी. दिपेश आईशेजारी येऊन उभा राहिला. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, तिच्या खांद्याला हातही लावला नाही, पण दूरही गेला नाही. प्रणयची गाडी वळणावर गेली. शेवटच्या थेंबांना फटफटीचा आवाज एकदम चढला, जणू कुठं निघायची घाई झाली आहे, आणि मग ती थांबली.

मिठागराकडून वारा आला. इक्बाल आपली हत्यारं एकेक पुसून पेटीत ठेवू लागला, आवाज न करता.

"चहा ठेवतंय मी," नेत्रा म्हणाली.

जनीनं आपले हात पदराखाली घेतले आणि ती तिथंच उभी राहिली.